गोदाची करणी

कशेळे, ४ नोव्हेंबर १९४६

ती. स्व. मामंजींच्या सेवेशी,
गोदाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेलं बीजगणित पोचलं. पहिल्या पानावर ह्यांचं नाव आहे. ते पान मी अजून धड उघडत नाही.

वर्गमुळांच्या समीकरणांपाशी अडले आहे. क्ष अधिक सात याचं वर्गमूळ बरोबर क्ष वजा पाच. दोन्ही बाजूंचा वर्ग केला, तर क्षची नऊ आणि दोन अशी दोन उत्तरं निघतात. पुस्तकात नुसतं नऊ दिलंय. माझं दोन कुठे गेलं?

विचारायला इथे कुणी नाही. असल्या मुळांना करणी म्हणतात, असं मी बोलून गेले, तेव्हापासून वहिनी तान्हीला माझ्याजवळ देत नाही. हसू नका. तिला मांडीवर घेतलं की माझा दिवस जायचा.

शेलूच्या एका बिजवराशी माझा पाट लावायचं दादाने ठरवत आणलंय. मला मॅट्रिकला बसायचंय.

कृपा आहे तशीच राहू द्यावी.
गोदा

खालापूर, ११ नोव्हेंबर १९४६

चि. गोदास भिवाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी रीत चुकली नाही. तीनचा वर्ग नऊ, आणि उणे तीनचाही नऊच. वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं, मग एखादं परकं उत्तर आत शिरतं. म्हणून प्रत्येक उत्तराचा मूळ समीकरणात ताळा पाहावा. नऊ घाल: इकडे सोळाचं वर्गमूळ चार, तिकडे नऊ वजा पाच, चारच. दोन घाल: इकडे तीन, तिकडे उणे तीन. जमत नाही, सोडून दे.

हे लिहिण्याआधी मोठ्याने समजावून पाहिलं. शाळेतली मास्तरकी सुटल्यापासून समोर कुणी नसतं, भिंतीलाच सांगितलं. सदू तापात गेला, तू माहेरी गेलीस, आणि माझा भात अजून करपतोच.

तुझ्या दादाशी मी येऊन बोलतो. तू अभ्यास सोडू नकोस.

तुझा,
भिवाजी

कशेळे, २ डिसेंबर १९४६

ती. स्व. मामंजींस शि. सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात दादाने तुम्हांला पाणीसुद्धा विचारलं नाही. मुलगाच गेला, आता तुमी आमचे कोण, असं तो म्हणाला आणि तुम्ही टोपी घालून निघालात. मी दाराआडून पाहत होते.

तुम्ही दिसेनासे झाल्यावर ओसरीवर आले. दादाला म्हटलं, शेलूला निरोप धाड, मी येनार नाय. आणि मामंजी माझे कोण, ते मी ठरवीन. त्याने हात उगारला, पण मारलं नाही. आता घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. जेवणाचं ताट ओट्यावर झाकलेलं असतं.

परीक्षा झाली की खालापूरला येऊ का? तुमचा भात तरी रांधीन.

माया असू द्यावी.
गोदा

खालापूर, १४ जून १९४७

चि. गोदास अनेक उत्तम आशीर्वाद.

पास झालीस! घरात सांगायला कुणी नव्हतं, म्हणून चावडीपर्यंत चालत जाऊन सांगून आलो. तिथल्यांनी आधी विचारलं, कोण गोदा?

येऊ का, असं तू विचारलं होतंस. इतके दिवस त्याचं उत्तर दिलं नाही, कारण लिहायला बसलो की हातून ‘ये’ असंच उमटायचं. पण येऊ नकोस, पोरी. पुण्याला मास्तरणींच्या ट्रेनिंगला जा. इथे येशील तर माझी चूल सांभाळता सांभाळता म्हातारी होशील.

दिवाळीत भेटायला येईन. तिथल्या वसतिगृहाच्या बाईंनी विचारलं कोण येणार, तर सासरे म्हणू नकोस, लोक नसते प्रश्न काढतात. वडील येणार आहेत म्हण.

भिवाजी