दोन पेशींमधली पांढरी रेघ

प्रिय मालती,

आज दुपारी तेजस्विनीचा फोन आला. "उद्या कळवतो" म्हणून मी रिसीव्हर ठेवला आणि तुला विचारायला स्वयंपाकघराकडे वळलो. दारातच थांबलो. म्हणून हे पत्र.

तू तिला ओळखत नाहीस. अमरावतीची पोरगी, कर्वेनगरच्या एका कंपनीत शाळांसाठी विज्ञानाच्या सीड्या करते. बुधवार पेठेतल्या दुकानात तिला आपण हाताने रंगवलेला जुना तक्ता सापडला. प्राण्यांच्या पेशी एकमेकींना कशा धरून असतात, तो. एकाही शाळेने न घेतलेला!

आठवतं? तोवर मी दोन पेशींमध्ये पांढरी रेघ सोडायचो. ओले रंग एकमेकांत उतरू नयेत म्हणून. धंद्याची रीतच ती. रंग भरता भरता तू ब्रश थांबवलास. "अहो, ह्या अशा सुट्या सुट्या, तर अंगावरचं कातडं गळून कसं पडत नाही?"

मला रागच आला. मॅट्रिकनंतर सगळं स्वतः वाचून शिकलेला माणूस मी, आणि मला विचारतेस! पण उत्तर येत नव्हतं.

मग जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं, शेजारी शब्दकोश ठेवून वाचलं. झाडांच्या पेशींना असते तशी भिंत प्राण्यांच्या पेशींना नसतेच. काही जागी त्यांच्या कडा पाणीही झिरपू नये इतक्या घट्ट शिवलेल्या. काही जागी दोन्ही बाजूंनी ठिपके एकमेकांत अडकवलेले. "म्हणजे टिचबटणं!" तू म्हणालीस.

"त्याला शास्त्रीय नाव आहे."

"असेल. मी ब्लाउजला लावते ती टिचबटणंच."

आणि काही जागी एकीतून दुसरीत उघडणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या, निरोप जायला. त्या तक्त्यात तू पहिल्यांदा रंगाला रंग भिडवलास, आणि थेंबभरही पसरला नाही! पहिला रंग किती वाळू द्यायचा, ते मात्र सांगून गेली नाहीस.

दुकानदारांशी बोलायचीसही तूच. मी मागे तक्त्यांची गुंडाळी धरून उभा. पुढे कॉम्प्युटरवर छापलेले तक्ते आले, दुकानांनी बोलावणं बंद केलं. मग तूही गेलीस. धायरीच्या या घरात हल्ली दिवसच्या दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.

त्यात त्या तक्त्यावरून तेजस्विनीने मला शोधलं आणि सीडीसाठी चित्रं काढायचं हे काम आलं. हृदयाच्या पेशी काचेच्या बशीत वेगवेगळ्या ठेवल्या, तर प्रत्येक आपापल्या ठेक्यात धडधडते. चिकटल्या, मधल्या नळ्या जुळल्या, की साऱ्या एका ठेक्यात. केवढं नवल आहे हे! मी चित्रं काढली. तिच्या कंपनीतल्या साहेबाला मात्र चिकटल्या चिकटल्या एकच ठेका हवा. असं होत नाही! नळ्या तयार व्हायला वेळ लागतो.

"काका, पोरं एवढा वेळ थांबत नाहीत न," तेजस्विनी म्हणाली.

"मग थांबायला शिकवा. शाळा कशाला काढल्यात?" म्हणालो, आणि चित्रं गुंडाळून त्यांच्या ऑफिसातून निघालो. जिन्यात लक्षात आलं, मागे राहून सावरून घेणारं कोणी नाही. तू असं मध्येच का गेलीस गं?

आज फोनवर ती म्हणाली, "काका, तुमचंच बरोबर असेल. पण मला साहेबांना नाही समजावता येत. तुम्ही येऊन सांगा न. नाही आलात, तर ते चुकीचंच जाईल, आणि तुमच्या चित्रांशिवाय."

तर ऐक. उद्या मी जाणार. भांडायला नाही, सांगायला. साहेब बस म्हणाला तर बसेन, चहा आला तर नको म्हणणार नाही. तू असतीस तर आधी त्याच्या घरच्यांची चौकशी केली असतीस. तीही करेन. त्याचं लग्न झालंय का, हेसुद्धा मला ठाऊक नाही.

आत्ता आरशासमोर उभं राहून दोन वाक्यं म्हणून पाहिली. दुसरं बरं जमलं.

तुझाच,
वसंत