टिकालला निघतानाचं दही

२७ डिसेंबर २०२१
कुमुदिनी पॉझिटिव्ह. माळ्यावरच्या खोलीत रवानगी केली. जेवण दाराशी ठेवतो, दोनदा टकटक करतो, मागे सरकतो. आतून म्हणाली, कशालाच चव लागत नाही. म्हटलं, चव मनावर असते, नखरे सोड. सहा आठवड्यांनी ग्वाटेमालाच्या जंगलात टिकालला जायचंय, माया लोकांच्या देवळांवर चढायचंय आणि बाईसाहेबांची इम्युनिटी ही अशी! मलाच हिला खांद्यावर घेऊन चढावं लागणार.

१ जानेवारी २०२२
संकल्प: या वर्षी टिकाल म्हणजे टिकाल.
साखरपुडा झाल्यावर एका मासिकातला फोटो दाखवून मीच तिला म्हटलं होतं, लग्नानंतर इथे नेतो. मग नोकरी, मग चारुताचा जन्म, मग इथे हॉलंडात आल्मेरेचं घर. २०२०ला तिकिटं काढली तर जगच बंद पडलं. यात माझा काय दोष? आणि ही आज दारामागून म्हणते, अहो, या वेळी मी जाणार. तुमच्याबरोबर, नाहीतर तुमच्याशिवाय.
तुमच्याशिवाय म्हणे! स्पॅनिश कोण शिकतंय? मी. कॉलेजात राजगड कोणी चढलाय? मी. हिनं काय केलंय, तर रोज सायकलवरून ऑफिस.

९ जानेवारी
ट्रेनिंग सुरू. या देशात चढायला एक टेकाड नाही. आम्ही राहतो तेच मुळी समुद्राच्या पातळीखाली. शेवटी घरातला जिना धरला. पायात नवे ट्रेकिंगचे बूट, पाठीवर तांदळाची पिशवी. वर, खाली, वर.
शेजारची डच बाई दारात हजर. म्हणे, जिना दुरुस्त करताय का, करत असाल तर आधी सांगायची पद्धत आहे. एरवी चहाला यायचं तर हिला महिनाभर आधी वेळ ठरवून द्यावी लागते, भांडायला बरी न विचारता येते! डोकंच फिरलं.

१० जानेवारी
गुडघा. शेजारणीची नजर लागली. ट्रेनिंगला विश्रांती. विश्रांती हाही ट्रेनिंगचाच भाग.

१८ जानेवारी
कुमुदिनी बरी होऊन खडखडीत. बूस्टर घ्या म्हणून मागे लागली आहे. दंड दुखला तर ट्रेनिंगचं काय, असं विचारलं. म्हणाली, कुठलं ट्रेनिंग? बूस्टर कॅन्सल.

३० जानेवारी
आज माझं स्लाइड-शोसहित व्याख्यान: ‘माया संस्कृती आणि मी’. इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. एकेकाची कारणं ऐकून संताप आला. आला फक्त हरिहर, डेल्फ्टहून, ट्रेननं. कुमुदिनीचं एकच टुमणं, निघेपर्यंत घरात कोणी नको. चारुताही डेल्फ्टलाच राहते, तिनं तिथूनच फोन करून डचमध्ये सुनावलं, बाबा, जरा माणसासारखं वाग. स्वतःच्या बापाला, तेही डचमध्ये!
हरिहर प्रत्येक स्लाइडला खोकत होता. म्हणाला, काही नाही, स्टेशनपर्यंत सायकलवर वारा लागला. नीट दिसावं म्हणून त्याला सोफ्यावर चिकटून बसवला. कुमुदिनी मास्क लावून स्वयंपाकघरात. पाहुण्याचा अपमान! कार्यक्रम उत्तम झाला.

३ फेब्रुवारी
घसा खवखवतोय. हिटिंगचा दोष.

४ फेब्रुवारी
ग्वाटेमालाला निगेटिव्ह टेस्ट लागते म्हणून जाऊन नाकात काडी घालून घेतली. ती पोरगी काडी घालत होती की विहीर खणत होती, कोण जाणे. घरी आलो तर जेवायला मिसळ. मिसळ कसली, कोमट पाणी! तिखट नाही, मीठ नाही. म्हटलं, तुझं लक्ष सगळं बॅगांत. कुमुदिनी स्वतः नाक पुसत पुसत खात होती आणि माझ्याकडे बघत होती. तिखट नसताना नाक कशाला गळतं? ढोंग.

५ फेब्रुवारी, सकाळ
बॅगा दारात. टॅक्सी येतेय. प्रवासाला निघताना हातावर दही पाहिजे म्हणजे पाहिजे, मी ठणकावून सांगितलं. तिनं घातलं. चाटलं. काही नाही! भिजवलेला चुना बरा. म्हटलं, दुधातुपाचा देश म्हणून मिरवतात आणि साधं दही लावता येत नाही लेकाच्यांना! कुमुदिनीनं वाटीतलं बोटभर चाखलं. म्हणाली, अहो, आंबट ढाण आहे.
तेवढ्यात फोन वाजला. टेस्टचा निकाल.

५ फेब्रुवारी, दुपार, माळ्यावर
तिला कोविड नुकताच होऊन गेलाय, बरी झाल्याचा कागद आहे, म्हणून तिला कसलंही बंधन नाही. जिची इम्युनिटी नाही ती मोकळी, आणि राजगड चढलेला माणूस कोंडलेला! हे यांचे नियम!
मी शांतपणे सांगितलं होतं (टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला, इतक्या शांतपणे), की आता कॅन्सल कर, पुढच्या वर्षी नीट प्लॅन करून जाऊ. वाटीत उरलेलं दही तिनं आपल्याच हातावर घेतलं, खाल्लं, मास्क चढवला आणि टॅक्सीत बसली.
येईल परत. विमानतळावरून येईल.

६ फेब्रुवारी
आली नाही.

९ फेब्रुवारी
दुपारी व्हिडिओ कॉल. तिकडे पहाट. कुमुदिनी थेट देवळाच्या माथ्यावर, खाली धुक्यात सगळं जंगल. धापसुद्धा लागलेली नाही. केस विस्कटलेले, गाल लाल. फार छान दिसत होती. ते सांगायचं राहिलं, कारण मागून कोणीतरी भयानक डरकाळ्या फोडत होतं. म्हटलं, पळ, वाघ आहे!
म्हणाली, वाघ नाही हो, माकडं. इथली माकडं रोज अशीच ओरडतात, कारण लागत नाही. बाकीचे टुरिस्ट घाबरले. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.
मी चांगलाच उखडलो. बोलायला सुरुवात केली, तर रेंज गेली.
मग दारावर दोनदा टकटक. उघडलं. डेल्फ्टहून आलेली चारुता डबा ठेवून मागे सरकली होती आणि जिना उतरून गेलीही होती. आमटी-भात. एक घास खाल्ला आणि जिन्यात जाऊन सगळा जोर लावून ओरडलो, आमटीत मीठ नाही!
खाली कोणी नव्हतं. परत येऊन आमटी संपवली.