शेततळ्यातल्या चोराबाबत

सात रस्ता, सोलापूर

तीर्थस्वरूप चनबसप्पामामांना भाची सिद्धेश्वरीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, निंगव्वामामींची शुगर आणि काळ्या म्हशीचा स्वभाव हे तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा. (तिसऱ्याची मी सोडली आहे.) पत्र अशासाठी, की फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. कागदाला मध्येच 'गप ए' म्हणता येत नाही.

तर मामा, तुमच्या शेततळ्यातले मासे शेजारच्या बसूकाकांनी चोरलेले नाहीत. हे मी विद्यापीठाची संशोधक म्हणून छातीठोकपणे सांगते. वर्ष झालं, तुम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नाही, आणि आता तर येत्या सोमवारी तुम्ही देवळात गावासमोर त्यांच्या नावानं बेलभंडारा उचलणार म्हणे! तसली शपथ एकदा घेतली की माघारी फिरता येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं?

आमची पद्धत सोपी आहे. जे जनावर पाण्यात उतरतं, त्याची लाळ, केस, कातडीचा कण पाण्यात राहतोच. आम्ही ते पाणी गाळतो, गाळणीला चिकटलेला डीएनए मशीनकडून वाचून घेतो आणि कोण येऊन गेलं ते कळतं. (आडनाव कळत नाही. तुम्ही तीनदा विचारलंत, मी तीनदा सांगितलं.) गेल्या महिन्यात तळ्याच्या चार बाटल्या भरून नेल्या त्या यासाठीच. आणि चारही बाटल्यांत निघालं काय? पाणमांजर! मासे फस्त करणारं, मिशाळ, पक्कं चोरटं जनावर. लॅबमधल्या रेश्मानं मला पेढा भरवला, आणि कधी न हसणारे आमचे धम्मदीप सरसुद्धा हसले. मग त्यांनी पाचव्या बाटलीचा निकाल बघितला.

पाचवी बाटली म्हणजे आमची साक्षीदार. ती लॅबमध्येच शुद्ध पाण्यानं भरून शेतावर न्यायची आणि तशीच परत आणून तपासायची. तिच्यात काही म्हणजे काही निघता कामा नये. निघालंच, तर आपल्या हाताळणीत घोळ आहे असं धरून सगळा निकाल बाद. आमच्या पाचवीत पाणमांजर निघालं, वर तुमची म्हैस आणि शेळ्या. सर म्हणाले, "सिद्धेश्वरी, हे पाणमांजर तळ्यात नाही, तुझ्या लॅबमध्ये पोहतंय."

माझ्या हातून चूक होणं शक्यच नव्हतं, म्हणून मी मामींना फोन लावला. (तळ्यावरून येऊन ओसरीवर बाटल्यांची पेटी ठेवली आणि जेवताना पाचवीकडे बोट करून 'हे जगातलं सगळ्यात शुद्ध पाणी' असं मी म्हणाले होते, ते तुम्हाला आठवत असेल.) मामी म्हणाल्या, "एवडं शुद्द पानी, मग देवाला आंगोळ घातली की! आन् पोरीला रिकामी बाटली कशी परत द्यायची? तळ्याचं भरून ठिवली." आता काय बोलायचं, कप्पाळ! देव लखलखीत झाला आणि माझा निकाल पाण्यात गेला.

तरी मी खचलेली नाही. सत्य सत्यच आहे, ते फक्त पुन्हा सिद्ध करायचंय. या रविवारी सर स्वतः गाडीत पाणी गाळायचं जड यंत्र घालून नव्यानं नमुने घ्यायला येतायत. निकालाला पंधरा दिवस लागतील, तोवर भंडाऱ्याला हात लावायचा नाही. मामींवर माझा राग नाही असं सांगा. (आहे. पण रविवारपर्यंत जाईल.)

तुमची, कधीही न चुकणारी,
सिद्धेश्वरी

ता. क. सरांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी लई आवडते. मामींना त्या कामात गुंतवून ठेवा, बाटल्यांकडे फिरकू देऊ नका.

ता. क. दोन. खरं काम आता सांगते. गाडी तळ्यापर्यंत जाते ती फक्त बसूकाकांच्या रानातून, आणि तुम्ही चोर म्हटल्यापासून त्यांनी वाटेवर बाभळीचे काटे टाकलेत. ती वाट तुम्हालाच मागावी लागेल. निकाल यायच्या आधी.

ता. क. तीन. रागावू नका, मी त्यांना फोन केला होता. म्हणाले, "काटं काडतो की. पर चनबसप्पानं सोता येऊन हाक मारली पायजे. वरीस झालं, त्येची हाक न्हाय ऐकली." मी तुमच्या वतीनं "व्हय, येत्यात" म्हणून टाकलंय. मामा, पुराव्याशिवाय केलेलं हे माझं आयुष्यातलं पहिलंच विधान आहे. तेवढं खरं करा.