चार नंबरच्या तलावातलं चांगलं तेल

११ जानेवारी
करिबा सरोवरावर आठ दिवस पाऊस. वाळत घातलेली कपेंटा, म्हणजे बोटाएवढी बारीक मासळी, सगळी भिजली. कोळणी रडताहेत. मला मात्र आयडिया सुचली. मासळीत तेल, तेलात ओमेगा-थ्री. आमच्या फार्मवरच्या मगरींना मासळी घातली की मगरीच्या मांसात ओमेगा-थ्री! परदेशी गिऱ्हाईक हेच मागतंय. चार नंबरच्या तलावातल्या सहाशे मगरी जूनमध्ये कापायच्या आहेत. फार्मच्या मालकांना शब्द दिला. संकल्प: मगरींना कोंबडीचं मांस आजपासून बंद.

१२ जानेवारी, सकाळी ७
भिजलेली मासळी सगळी उचलली. वास जरा उग्र. मगरी राखणारा म्हातारा सियामूंगा म्हणाला की मुडेंडासाहेब, हे माझ्या मांजरापुढे ठेवलं तर ते घर सोडून जाईल. दुर्लक्ष केलं. हा वीस वर्षं मगरी पाळतोय, पुस्तक एक वाचलेलं नाही.

१९ जानेवारी
जनावरांच्या डॉक्टर च्युमाबाई आल्या होत्या. म्हणाल्या, तेलकट मासळी घालताय तर व्हिटॅमिन ई घालाच, आणि खवट तर अजिबात नको. पावडर हरारेहून येणार, म्हणजे पंधरा दिवस. मगरी डायनोसॉरच्या काळापासून पावडरीवाचून जगल्यात. नाही मागवली.

२० फेब्रुवारी
रिझल्ट दिसतोय. पूर्वी खाणं टाकलं की झुंबड, एकमेकींना चावे. आता शांत पडून असतात. मी याला तृप्ती म्हणतो.

१४ मार्च
बायको लव्हनेस म्हणाली की तुमच्या आधी तुमचा वास घरात येतो, आंघोळ अंगणातच करा. केली. थोर लोकांना हे सोसावंच लागतं.

२ एप्रिल
एक मेली. वय झालं असावं. सगळ्या एकाच वर्षीच्या आहेत, अशी सियामूंगानं विनाकारण आठवण करून दिली.

९ एप्रिल
अकरा. इकडची जूनमधली थंडी यंदा लवकर पडली आहे, दुसरं काही नाही. सियामूंगानं एका जिवंत मगरीची शेपटी उचलून दाखवली. वाकेना. मी म्हटलं, मसल डेव्हलपमेंट. एरवी माझ्या प्रत्येक वाक्याला हसणारा माणूस हसला नाही.

१७ एप्रिल, दुपारी ३
कठड्याच्या आत एकटाच उतरलो. एवढ्या मगरी, आणि आवाज नाही. एकीच्या तोंडापासून वीतभरावर बूट ठेवला. तिचा डोळासुद्धा हलला नाही. मगर अंगावर येईल याची भीती मला लहानपणापासून आहे. अंगावर आली नाही याची आज पहिल्यांदाच वाटली.
संकल्प: पावडर मागवायची. मालकांना कळू न देता.

५ मे
पावडर आली. खाणार कोण? मासळीला तोंडच लावत नाहीत. मांसाचं सॅम्पल लॅबला पाठवलं. आकडे बोलतील.

२१ मे
रिपोर्ट आला! ओमेगा-थ्री मागच्या वर्षीच्या तिप्पट. ऑफिसात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. दुसरं पान च्युमाबाईंनी वाचलं. खवट तेलानं अंगातली चरबी पिवळी पडून साबणाच्या वडीसारखी घट्ट झालेली. मांस खाण्यास अयोग्य. जिवंत उरल्यात त्याही वाचणार नाहीत, सगळ्या मारून पुरायच्या. मालक खिडकीशी जाऊन उभे राहिले.

२३ मे
सियामूंगा दोन फावडी घेऊन आला. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. एकेका मगरीच्या डोक्यावर हात ठेवून तो काहीतरी पुटपुटत होता. मला ते जमलं नाही. माझ्यामुळे मेल्या. हे इथेच लिहितोय, दुसरीकडे म्हणणार नाही.
खड्ड्याचं माप मीच काढलं होतं. अपुरा पडला.