दम लागला : शून्य

६ जानेवारी २०२५, सोमवार

नगरला हॉस्पिटलात गेल्तो. छातीच्या डॉक्टरनी त्यांच्या अभ्यासात घेतलं. अभ्यास त्यांचा, दम आपला. फुफ्फुसाच्या पेशंटला औषधाबरोबर व्यायाम दिला तर फरक पडतो का, ते बघायचंय म्हने. बारा आठवडे. मला मुळात आजारच न्हाई. एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढली, जरा बगॅसची, उसाच्या चिपाडाची, धूळ बसलीय छातीत. खोकून खोकून निघंल.

मोनिका मॅडमनं सोळा पानं वाचून दाखवली. श्रीरामपूरची पोरगी, फिजिओथेरपीवाली. म्हनलं सही कुठं. म्हनली, बाबा, आधी सगळं ऐकून घ्या, तो तुमचा हक्क आहे. म्हनलं हक्क सोडला, सही कुठं. तरी चाळीस मिनिटं घेतलीच.

मंग व्हरांड्यात चालायला लावलं. तीस मीटरवर दोन केशरी प्लास्टिकच्या टोप्या. हिकडून तिकडं, तिकडून हिकडं, सहा मिनिटं, जमंल तेवढं. २६५ मीटर भरलं. मधी दोनदा थांबलो, पन ते दमून न्हवं. एकदा झाडूवाल्याला फरशी कशी पुसत्यात ते सांगायचं हुतं. एकदा भिंतीवरचं घड्याळ मागं हुतं ते दाखवायचं हुतं. तो वेळ धरला तर चारशेच्या पुढं जातंय.

सुनीलनं डॉक्टरच्या तोंडावर अट घातली. आमचा थोरला, पुन्यात चौथ्या मजल्यावर ऱ्हातो. म्हनला, बारा आठवड्यांनी हाच आकडा तीनशेच्या वर गेला तर गावात ऱ्हा, मी परत विषय काढनार न्हाई. न्हाई गेला तर तुमी आनि आई पुन्याला, ऑक्सिजनच्या मशीनसकट. म्हनलं चालंल. तीनशे तर मी झोपंत चालंन.

७ जानेवारी, मंगळवार

परत नगर. बंद लखोटे फोडले. मला 'व्यायाम' निघालं. आमचा शेजारी रंगनाथबी ह्याच अभ्यासात, त्याला 'नेहमीचे औषधोपचार'. म्हंजे त्यानं नुसतं बसायचं. मॅडम म्हनली, कॉम्प्युटर ठरवतो, आमच्याही हातात नसतं. सरपंचाच्या आरक्षनाच्या सोडतीलाबी असंच म्हनत्यात.

एसटीत रंगनाथ म्हनला, उत्तमराव, तुमी पळा, मी वट्ट्यावर बसून फेऱ्या मोजतो. उत्तर दिलं न्हाई. भिंगारपर्यंत खोकत हुतो, न्हाईतर दिलं असतं.

रबरी पट्टा दिलाय, बोटाला लावून ऑक्सिजन बघायचा चिमटा दिलाय आनि एक निळी वही. रोज लिहायचं: किती मिनिटं चाललो, दम किती लागला, शून्य ते दहा. ती वही त्यांची. ही माझी. हिच्यात खरं लिहायचं.

ठरवलं: उद्या पाचला उठून चावडीपर्यंत जाऊन यायचं. वीस मिनिटं सांगितलीत. वीस आजाऱ्याला. आपन चाळीस.

८ जानेवारी, पहाटे ५

गार वारं हाय. असल्या हवंत चांगला मानूस आजारी पडंल. संध्याकाळी.

८ जानेवारी, संध्याकाळी

निघालो. रंगनाथच्या फाटकाशी थांबावं लागलं. गाय रस्त्यात बांधलीय, निम्मा रस्ता तिचा. लई सुनावलं. पहिली दोन मिनिटं तोंडातून शब्दच निघंना, राग एवढा. फाटकाला धरून उभा हुतो. मंग सुरू झालो. रंगनाथ म्हनला, तुमी आधी श्वास घ्या, गाय कुठं जात न्हाई. उद्धट मानूस.

पुढं पान्याच्या टाकीशी नळाचा चर खनून तसाच टाकलाय. तिथंबी थांबून ठेकेदाराच्या मानसाला झापलं. तो ठेकेदाराचा न्हवता, पावना हुता कुनाचा तरी. झापला ते झापला.

अंधार पडाया लागला म्हून चावडी उद्यावर टाकली. निळ्या वहीत: ४० मिनिटं. दम: शून्य.

१२ जानेवारी, रविवार

मोनिका मॅडमचा फोन. दर रविवारी करनार म्हने. आठवडाभर दम शून्य लिहिलाय का? म्हनलं शून्यच. म्हनली, अरे वा, मग वाढवू या बाबा. पंचवीस मिनिटं चालणं, आणि दोन्ही हातात लिटर-लिटरची पाण्याची बाटली घेऊन वर-खाली.

मी खुश करावं म्हून शून्य सांगितलं, ही त्याची शिक्षा देती. म्हनलं पंचवीस कशाला, तीस लिहा.

१४ जानेवारी, संक्रांत

बाटल्या भरून ठेवल्यात. उद्यापासनं.

बिडी सोडली. घरात ओढत न्हाई म्हंजे सोडलीच.

२३ जानेवारी, गुरुवार

मॅडम न सांगता घरी आली. म्हनं असं मधनंच बघायचं असतं. निळी वही मागितली. मी आठवड्याचं सोमवारीच भरून टाकतो, रोज-रोज काय चष्मा शोधायचा. तिनं बघितलं तर रविवारपर्यंत भरलेलं. म्हनली, बाबा, आज गुरुवार आहे. म्हनलं माझं काम पुढं असतं.

हसली न्हाई. म्हनली, दीडशे पेशंट आहेत यात. सगळ्यांनी असं लिहिलं तर व्यायामानं माणूस सुधारतो की नाही, कधीच कळणार नाही. त्याच्यावर पुढच्या लोकांचे उपचार ठरतात. म्हनलं पुढचे लोक पुढं बघतील.

बोटाला चिमटा लावला. ८८. म्हनलं बिघडलाय. आमच्या हिच्या, कलाबाईच्या बोटाला लावून दाखवला, ९७. बघा, म्हनलं, एकाच घरात दोन आकडे. मॅडमनं दोन्ही आकडे लिहून घेतले. तिला पटलं.

जाताना कलाबाईला रबरी पट्टा कसा धरायचा ते दाखवून गेली. पेशंट मी, शिकवती हिला.

३ फेब्रुवारी, सोमवार

चार आठवडे झाले. चावडी अजून गाठली न्हाई, पन चूक रस्त्याची हाय. गावात तीनशे पावलांत चार ठिकानी भांडन काढावं लागतंय. रंगनाथची गाय, नळाचा चर, किराना दुकानाच्या पायरीवर बसलेली टवाळ पोरं, देवळाचा भोंगा. कुनीतरी हे बोलायला पायजे. मी बोललो न्हाई तर गाव बिघडंल.

एक मातर बरं झालं. रंगनाथनं गाय हलवली. ओढ्याच्या पलीकडं बांधतो, सकाळ-संध्याकाळ सोडायला-बांधायला जातो. जिरवली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गाय न्हाई. तरी फाटकाशी थांबलो. गाय का न्हाई ते विचारायला.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज रंगनाथनं हद्द केली. फाटकाबाहेर प्लास्टिकची खुर्ची आनून ठेवली. म्हनला, बसून भांडा, मलाबी उभ्यानं ऐकायचा कंटाळा आलाय. मी काय बसनार?

बसलो. पन पाठ त्याच्याकडं करून.

पानी पिनार का म्हनला. मानंनंच न्हाई म्हनलं. तांब्या आनलाच. पिलो. त्यानं पान्यावरनं दोस्ती झाली असं समजू नये.

निळ्या वहीत: ३५ मिनिटं. दम: शून्य.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

कलाबाई रोज ओट्यापाशी पट्टा तानती, बाटल्या उचलती. तिला कुनी सांगितलंय? म्हनली, तुमच्याच्यानं हुत न्हाई तर मी करून बघते, कसं करत्यात ते तुमाला दाखवता येईल. खुर्चीत बसून उठायचं, हात न टेकता, दहा वेळा. ती दहा उठली. मला म्हनली, या. म्हनलं उपास हाय.

मंग म्हनली ते लिहून ठेवतो, कारन असं बोलनं बाईमानसाला शोभत न्हाई. म्हनली, भांडन निघतं म्हून तुमी थांबत न्हाई. थांबावं लागतं म्हून तुमी भांडन काढता. सगळ्या गावाला कळलंय. किरानावाल्याची पोरं तुमी येताना दिसला की पायरीवर जागा करून ठेवत्यात.

मी दिवसभर बोललो न्हाई तिच्याशी. साबुदान्यालाबी हात लावला न्हाई.

दुपारी थोडा खाल्ला. गार.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कलाबाई बाहेर गेल्यावर दार लावून खुर्चीत बसून उठलो. एकदा. दुसऱ्यांदा खुर्ची हलकी वाटली म्हून सोडून दिलं. जड खुर्ची बघायची कुठंतरी.

२ मार्च, रविवार

मॅडमचा फोन. म्हनली, बाबा, खरं सांगा, दम किती लागतो? आकडा काहीही असू दे, मी रागावणार नाही. जास्त असेल तर व्यायाम कमी करू, तुम्हाला जमेल एवढाच देऊ.

म्हनायचं हुतं सहा. कलाबाई समोर उभी हुती. म्हनलं शून्य.

मॅडमनं लिहून घेतलं. मंग म्हनली, ठीक आहे, चाळीस मिनिटं.

१४ मार्च, धुळवड

कारखान्यातले जुने दोघं-तिघं आले. एक बिडी ओढली. ती समाजाची बिडी, माझी न्हवं.

दोन आठवडे ऱ्हायलेत. काय भ्यायचं न्हाई. बॉयलरवर मी एका रात्रीत प्रेशर उभं केलंय, हे तर चौदा दिवस हायत. उद्यापासनं पाचला उठनं, भांडन बंद, चावडी गाठनं, बाटल्या, पट्टा, खुर्ची. सगळं.

१५ मार्च, शनिवार

पाचला उठलो. भांडायचं न्हाई असं ठरवून निघालो. रंगनाथच्या खुर्चीपर्यंत पोचलो. कुनी उठलं न्हवतं. गप बसून ऱ्हायलो. उजाडलं. परत आलो.

भांडन बंद ठेवल्यानं तब्येतीवर परिनाम हुतो हे लक्षात आलं. सोमवारपासनं परत चालू.

२८ मार्च, शुक्रवार

शेवटचं चालनं झालं. अन्याव झाला, तो आधी लिहितो.

सहा मिनिटांत त्या मॅडमला बोलायची परवानगी न्हाई. ठरलेलीच वाक्यं बोलायची, दर मिनिटाला एक. कागदावर लिहिलेली. म्हंजे मी काय बोललो तरी तिनं उत्तर द्यायचं न्हाई.

दोन मिनिटं झकास चाललो. तिसऱ्यात दिसलं की पलीकडची टोपी वाकडी ठेवलीय. थांबलो. म्हनलं मॅडम, टोपी वाकडी, हे तीस मीटर न्हाई, जास्त हाय, पट्टी आना. ती म्हनली, छान चाललंय, अजून तीन मिनिटं राहिली. म्हनलं छान काय, मी उभा हाय! घड्याळ थांबवा. ती म्हनली, दमल्यास थांबू शकता, जमेल तेव्हा पुन्हा चाला. म्हनलं दमलं कोन? कोन दमलं? भिंतीला हात लावून उभा हुतो. व्हरांड्यात दुसरं कुनी न्हाई. झाडूवालाबी न्हाई. समोरच्यानं उलटं बोललं न्हाई तर मानूस भांडनार किती.

तिच्या डोळ्यात पानी आल्यासारखं वाटलं. हातात घड्याळ तसंच. म्हनली, अजून एक मिनिट.

१९० मीटर.

नंतर तिनं खुर्ची आनली, बोटाला चिमटा लावला, तो आकडा मला दाखवला न्हाई. त्यांचा तक्ता पुढं धरला. शून्य ते दहा, बाबा, बोट ठेवा. मी बोट ठेवलं. कुठं ठेवलं ते लिहीत न्हाई.

रंगनाथचं पहिलं २७० हुतं, आता ३१०. त्याला काहीच करायचं न्हवतं. म्हनला, रोज दोनदा ओढ्यापलीकडं जावं लागतंय उत्तमराव, गायीमुळं. मॅडमनं ते लिहून घेतलं आनि डोक्याला हात लावला.

२९ मार्च, शनिवार

कलाबाईनं फडताळ आवरायला घेतलं. म्हनलं थांब, मी जात न्हाई. म्हनली, बरं. आनि पातेली पोत्यात भरायला लागली. तिला विचारलं, तुला जायचंय का पुन्याला. म्हनली, मला कशाला जायचंय? माझा जन्म गेला इथं. पन रात्री तुमचा श्वास ऐकत मी एकटी जागी असते, ते मला आता झेपत न्हाई.

भोंग्याच्या आवाजावरनं देवळाकडं आरडलो. खिडकीतूनच.

३० मार्च, गुढीपाडवा

सुनील आला. आकडा ऐकला, रागावला न्हाई. तेच वाईट. रागावला असता तर उत्तर तयार हुतं. म्हनला, दादा, उद्या सकाळी निघू, मशीनचं सांगून ठेवलंय.

पूर्ण विचार केलाय. उद्या गाडीजवळ, चारचौघांत, त्याला स्पष्ट सांगायचं. मी येनार न्हाई. १९० मीटर पुन्याच्या व्हरांड्यात लागतील, गावात मला तेवढी लागत न्हाईत. तुझी अट मी तोंडी मान्य केली, कागदावर सही न्हाई. टोपी वाकडी हुती. हे सगळं क्रमानं. रंगनाथला हजर ऱ्हायला सांगितलंय.

३१ मार्च, सोमवार

गाडी आमच्या बोळात येत न्हाई, कोपऱ्यावर उभी हुती. सुनील आनि कलाबाई सामान घेऊन पुढं गेले. मी मागनं निघालो. पाठ केलेलं सगळं तोंडात हुतं. कोपऱ्यावर दहाबारा मानसं जमलेली, रंगनाथ पुढं. मी काय बोलतो ते ऐकायला उभे.

गाडीपाशी पोचलो. दाराला धरलं. सुरुवात करायच्या आधी जरा टेकावं म्हून आत बसलो, पाय बाहेरच ठेवून. रंगनाथनं वाकून माझे पाय उचलून आत ठेवले, हळू, आनि सुनीलनं दार लावलं.

बोलायला दम आला तवर पुन्याच्या वाटंवरचं सुपं गाव मागं पडलं हुतं.