बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढची मुले

मी, कामिनी रतिलाल नारखेडे, वय पासष्ट, अविवाहित, धंदा पूर्वी संगणक शिकवणे व दुरुस्ती, सध्या काही नाही, राहणार जळगाव, मूळ गाव असोदा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. डॉक्टरांनी परवा माझी स्मरणशक्ती तपासून दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत पोहोचले, तेव्हा त्यांनीच पुरे म्हटले. आठवण शाबूत आहे. तिचा मला फार उपयोग झाला असे नाही.

२०११ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात घर धाकटा भाऊ जितेंद्र याच्या नावे होते.

कलम १. जळगावातील माझे दोन खोल्यांचे घर, भांडीकुंडी, कपाट व पंखे यांसह, सुनंदाबाई सपकाळे यांना द्यावे. त्या अकरा वर्षांपूर्वी पोळ्या करायला आल्या आणि माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर इथेच राहिल्या. जितेंद्र म्हणेल, बाईने म्हातारीला भुलवले. सुनंदाबाईंनी मला भुलवलेले नाही, मिठावरून रोज भांडल्या आहेत.

कलम २. असोद्याच्या केळीच्या जमिनीबद्दल लिहिण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही. १९९१ साली वडील गेले आणि तेराव्याच्या आतच जितेंद्रने हक्कसोडपत्र पुढे केले. "अक्का, तुला कुठे शेती करायची आहे," म्हणाला. मी सही केली. ती सही माझीच आहे. तिच्यावरून कोणी कोर्टात जाऊ नये.

कलम ३. माझा आठ बिटांचा जुना संगणक, त्याच्या कॅसेट, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न व सर्व हत्यारे उजैर नजीर मण्यार यांना द्यावीत. ती त्यांच्या वडिलांच्या दुकानातून आली, तिथेच परत जावीत.

१९८५ साली मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि घरी बसले होते. नजीरभाईंचे जुन्या जळगावात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. त्यांनी मुंबईहून एक बंद पडलेला संगणक आणला. संगणक म्हणजे नुसता कीबोर्ड, पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि साठवायला कॅसेटचा टेपरेकॉर्डर. त्यांनी तो चालू केला, पण त्याच्याशी बोलायचे कसे हे इंग्रजी पुस्तकात होते. म्हणून मला बोलावले. असोद्याची मुलगी रोज बसने येऊन दुकानात बसते असे कोणी म्हणू नये, यासाठी त्यांच्या पत्नी सुगराबी शिवण घेऊन माझ्या शेजारी बसत. मी बटण दाबायला कचरले की नजीरभाई म्हणत, "बेटा, बिघडलं तर मी आहे ना. तू दाब."

त्या यंत्राच्या एका घरात आठ बिटे मावत, म्हणजे शून्य ते दोनशे पंचावन्न एवढेच आकडे. त्यापुढे गेले की पुन्हा शून्य. आपली मर्यादा इतकी स्वच्छ सांगणारे माझ्या ओळखीत दुसरे कोणी नव्हते. आठ बाय आठ टिंबांच्या चौकटीत मी एकेक मराठी अक्षर बसवले. जळगाव आणि धुळे, दोन्हींत ळ. त्या एका अक्षराला मला सहा दिवस लागले. ते टीव्हीवर उमटले तेव्हा सुगराबींनी शिवण खाली ठेवली आणि वाचता येत नसूनही बराच वेळ बघत राहिल्या. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांची यादी करायला कोणी सांगितले, तर ती या कलमातच संपते.

कलम ४. जितेंद्र रतिलाल नारखेडे यास मी काहीही देत नाही. हे विसरून नव्हे.

धुळ्याच्या एका खासगी प्रज्ञा परीक्षा मंडळाला चौथी-सातवीच्या मुलांचे निकाल छापायचे होते. त्यासाठीचा संगणकाचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, मी लिहिला. जितेंद्रकडे स्कूटर होती आणि चारचौघांत बोलायची सवय होती, म्हणून मंडळात तो गेला. परत आला तो स्वतःच्या नावाची पाटी रंगवायला टाकूनच. कार्यक्रम सुरू होताना पडद्यावर पहिल्या ओळीत 'रचना : कामिनी नारखेडे' असे येई. ती ओळ त्याने काढायला लावली. "बाईचं नाव बघून मंडळवाले बिचकतात, अक्का. आपलंच आहे ना शेवटी?"

आठ बिटांच्या यंत्रावर मी प्रत्येक परीक्षा केंद्राला वेगळा आकडा दिला होता आणि एका केंद्रात दोनशे पंचावन्नच्या वर मुले घ्यायची नाहीत असे ठरवले होते. १९९० साली मंडळाने सोळा बिटांचे यंत्र घेतले आणि सगळ्या मुलांना सलग बैठक क्रमांक हवे झाले. मी तीन महिने बसून सगळे पुन्हा लिहिले. सोळातले एक बीट अधिक-उणेच्या खुणेला जाते. उरलेल्या पंधरांत बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत मोजता येते. त्यापुढचा क्रमांक यंत्र उणे समजते. तेव्हा परीक्षेला अठरा हजार मुले बसत. मी जितेंद्रला जेवताना सांगितले, "बत्तीस हजारांच्या जवळ गेले की मला सांग. दुरुस्ती करावी लागेल."

"तोवर दुसरं मशीन येईल," तो म्हणाला आणि ताक मागितले.

इथपर्यंत दोष त्याचा. यापुढचा वाटून घ्यावा लागतो, म्हणून वेगळे कलम करते.

कलम ५. सुकदेव वामन पाटील, राहणार फागणे, तालुका धुळे, हे त्या मंडळात कारकून होते. शाळांकडून आलेले गुण ते यंत्रात भरत. सरळ माणूस. भरलेला प्रत्येक कागद पुन्हा ताडून बघून त्यावर तारीख टाकत. १९९४ च्या फेब्रुवारीत ते प्रिंटरची रिबन न्यायला जळगावला माझ्याकडे आले आणि सहज म्हणाले, "ताई, यंदा चौतीस हजारांवर अर्ज आले शेत. बठ्ठा, सगळाच साक्री-शिरपूरकडचा भाग नव्याने जोडला."

मला त्याच क्षणी कळले. मी त्यांना रिबन दिली, चहा दिला आणि काही बोलले नाही. मला वाटले, होऊ दे. निकाल फसू दे, मंडळ जितेंद्रला जाब विचारू दे, त्याला उत्तर देता येऊ नये आणि मग सगळ्यांनी माझ्या दारात यावे. चार वर्षे मी ज्याची वाट पाहत होते ते आयते चालून आले होते.

एप्रिलमध्ये निकाल छापला. बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढची एक हजार चारशे तेवीस मुले त्यात गैरहजर होती. पेपर दिलेली, गुण भरलेली मुले. त्यांचे क्रमांक उणे झाले आणि कार्यक्रमाने त्यांना ओळखले नाही. मंडळाने जितेंद्रला बोलावले. त्याने टाय लावला, गेला आणि सांगितले की मशीन चुकत नाही, गुण भरलेच गेले नसणार. दुसऱ्या दिवशी सुकदेवना कामावरून काढले. त्यांनी उत्तरपत्रिका रद्दीत विकल्या असेही कोणीतरी उठवले.

ते माझ्याकडे आले. पिशवीत तारखा टाकलेले सगळे कागद होते. उभेच राहिले.

"ताई, मी बठ्ठं भरलं होतं. एकेक आकडा ताडला होता. मशीनमधी काही ऱ्हायलं असंल का?"

मी म्हणाले, "मशीनला जे द्याल तेच ते देतं."

हे माझे शब्द आहेत. एकतीस वर्षे मी ते बदलून पाहते आहे. त्यांनी मान हलवली, कागद पिशवीत नीट भरले आणि मला नमस्कार करून गेले.

माझा विचार असा होता की आठ दिवस थांबावे, मंडळ स्वतःच येईल. मंडळ आले नाही. जितेंद्र आला. "अक्का, दुरुस्त करून दे. पुढच्या वर्षी पुन्हा होईल." म्हणजे त्याला जेवताना सांगितलेले आठवत होते. मी एक शब्द बदलला. वीस मिनिटांचे काम. अधिक-उणेची खूण काढून टाकली की तीच सोळा बिटे पासष्ट हजारांपर्यंत पुरतात.

"आणि सुकदेवचं काय?" मी विचारले.

"त्याला लागेल कुठेतरी काम. तू तोंड उघडलंस तर पहिला प्रश्न तुलाच येईल. आधी माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

मी गप्प बसले. आणि त्या गप्प बसण्याची किंमत मी मागून घेतली. माझे नाव पडद्यावर पुन्हा टाकायचे, एवढेच. तो लगेच तयार झाला. 'रचना : कामिनी नारखेडे'. चार वर्षे ते तिथे होते. १९९८ मध्ये मंडळाने बत्तीस बिटांचे यंत्र आणि पुण्याचा तयार कार्यक्रम घेतला आणि माझे नाव, माझे ळ, सगळे एका कोपऱ्यात गेले. बत्तीस बिटांत दोनशे कोटींच्या वर मोजता येते. तेवढी मुले अख्ख्या देशात नाहीत. आज सुनंदाबाईंच्या हातातला फोन चौसष्ट बिटांचा आहे. जी चूक सुकदेवच्या नावावर आहे, ती करणे आता यंत्रांनाही सोपे राहिलेले नाही.

सुकदेव नंतर धुळ्यात कापसाच्या एका जिनिंगवर रखवालदार होते. फागण्यात पोरे त्यांना 'गैरहजर' म्हणून हाक मारत. २००६ साली ते गेले. हे मला मागच्या महिन्यापर्यंत माहीत नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते.

मागच्या महिन्यात जितेंद्र आला. खानदेशात संगणक आणणाऱ्यांत पहिला म्हणून त्याचा सत्कार व्हायचा आहे, स्टेजवर ठेवायला माझा जुना संगणक हवा होता. सोबत स्मरणिकेचा मसुदा होता. त्यात त्याने १९९४ ची हकिगत गंमत म्हणून लिहिली आहे : एका कारकुनाने घोळ घातला, पण आपण यंत्रणा सावरली. मी वाचले आणि यंत्र देणार नाही म्हणाले. "अजून तेच धरून बसलीस?" तो म्हणाला.

त्यानंतरच्या मंगळवारी मी एस.टी.ने फागण्याला गेले. सुकदेवच्या पत्नी प्रमिलाबाई दारात ज्वारी निवडत होत्या. मी सगळे सांगितले, रिबन, चहा, वीस मिनिटे, नाव. त्यांचा सुपातला हात थांबला नाही.

"हाई माले आते कसाले सांगी ऱ्हायनी?" त्या म्हणाल्या. "तो व्हता तवय सांगनं व्हतं."

मी म्हणाले, माझे घर तुमच्या नावावर करते.

"तुन्हं घर माले नको. कागद दे. त्यानी चूक नव्हती, आसा कागद लिखी दे."

बस्स, एवढेच. पाणीही विचारले नाही, आणि ते बरोबर होते.

म्हणून मी लिहून देते : १९९४ च्या निकालात सुकदेव वामन पाटील यांची कोणतीही चूक नव्हती. त्यांनी सर्व गुण भरले होते. दोष मी लिहिलेल्या कार्यक्रमात होता. तो मला आधीपासून माहीत होता, माझ्या भावालाही माहीत होता, आणि आम्ही दोघांनी तो त्यांच्या माथी मारला.

कलम ६. पोस्टातील माझ्या ठेवीतून अंत्यविधीचा खर्च व्हावा. तो उजैर व सुनंदाबाईंनी करावा. जितेंद्रने अग्नी देऊ नये. यायचे असल्यास त्याने यावे, बोलू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा म्हणून मी उजैर नजीर मण्यार यांना नेमते.

कलम ७. या कागदातील बाकी सर्व माझ्या मृत्यूनंतर लागू होईल. पहिल्या मसुद्यात कलम ५ सुद्धा तसेच होते. काल पक्की प्रत करताना लक्षात आले की मेल्यावर खरे बोलणे म्हणजे पुन्हा आठ दिवस थांबण्यासारखेच आहे. प्रमिलाबाई सत्तरीच्या आहेत. तेव्हा कलम ५ आज सही झाल्यापासून लागू आहे. त्याची एक प्रत मंडळाला आणि एक स्मरणिकेच्या संपादकांना आजच टपालाने जाईल. मूळ सहीची दुसरी प्रत घेऊन मी उद्या सकाळच्या गाडीने फागण्याला जाईन आणि ती गावासमोर मोठ्याने वाचीन. प्रमिलाबाईंनी दार लावून घेतले, तर त्यांच्या अंगणात उभी राहून वाचीन. कोणी विचारले की आधी माहीत होते तर बोलली का नाहीस, तर उत्तर देईन.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर प्रत्येक पानावर सही केली आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

(सही) कामिनी रतिलाल नारखेडे

साक्षीदार :
१. (सही) तौफिक रशीद बागवान, राहणार नशिराबाद
२. (सही) मोहिनी हेमराज कोल्हे, राहणार जळगाव. यांनी सहीआधी कलम ५ दोनदा वाचले. त्या १९९४ साली शिरपूर केंद्रावरून परीक्षेला बसल्या होत्या, बैठक क्रमांक ३३,००९. हे मला त्यांनी आज सांगितले. सही करायची की नाही हे त्यांच्यावर सोडले होते.

ठिकाण : जळगाव
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५