काट्याचं मशीन हललं

बाबा, काट्याचं मशीन हललं. काल, विश्वकर्मा पूजेच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधीच. निळा पडदा आला नाही, काही जळलं नाही, कारखाना बंद पडला नाही. तुम्ही सांगितलेलं काहीएक झालं नाही. अशा वेळी माणसाला आनंद व्हायला हवा. मला तुमचा एवढा राग आला की पाणी प्यायला म्हणून उठले ती तशीच गेटपर्यंत चालत गेले, आणि ग्लास हातातच राहिला.

तुम्ही होता तेव्हा यातलं काही उलगडून सांगावं लागत नव्हतं. पण आता मी या गोष्टीकडे बाहेरच्या माणसासारखी बघते आहे, म्हणून पहिल्यापासून लिहिते. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर तुम्ही अहिवाऱ्याकडच्या या चुन्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर रूम सांभाळायला आलात, आणि कॉलेज संपल्यावर मी तुमच्या हाताखाली. तिथे एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात बरेच विंडोज कॉम्प्युटर चालायचे, स्वतःचं अंग नसलेले. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात हे तुम्हीच मला शिकवलंत. एक पगाराचं, एक स्टोअरचं, आणि सगळ्यांत म्हातारं काट्याचं. चुनखडीचा ट्रक गेटवरच्या वजनकाट्यावर उभा राहिला की त्याचं वजन त्या म्हाताऱ्याकडे जायचं. त्याचं सॉफ्टवेअर लिहिणारी कंपनी कधीच बुडाली होती, त्यामुळे ते नव्याने बसवायची सोय नव्हती. मशीन गेलं की काटा गेला, आणि काटा गेला की ट्रकांची रांग पार रस्त्यापर्यंत. मे महिन्यात बाहेर रस्ता वितळत असताना मी एसीच्या खोलीत कुडकुडायचे, म्हणून तुम्ही नेहरू नगरातून माझ्यासाठी निळा स्वेटर आणलात. दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत राहिला होता म्हणे.

ही मशीनं ज्या सॉफ्टवेअरवर उभी असतात तो प्लॅटफॉर्म. मशीन एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर न्यायचं तर काय करावं लागतं, तेही तुम्ही किती सोपं करून सांगितलं होतं. प्लांटच्या सेक्टरमधलं क्वार्टर सोडून आपण कुरुदला स्वतःच्या घरी आलो, तेव्हा आई कितीतरी दिवस अंधारात उजव्या भिंतीवर बटण चाचपायची, आणि बटण होतं डाव्या भिंतीवर. विंडोजचं तसंच, तुम्ही म्हणायचात. ते उठताना जुन्या जागी डिस्क शोधतं, सापडली नाही की निळा पडदा टाकून पडतं. म्हणून निघण्याआधीच त्याला नव्या घरातली बटणं दाखवून ठेवायची, म्हणजे नव्या प्लॅटफॉर्मचा ड्रायव्हर आधी आत घालायचा आणि मग हलवायचं. तुम्ही टेबलाखालच्या एका भंगारात काढलेल्या सर्व्हरवर फुकटचा एक प्लॅटफॉर्म बसवला होता. आपण दोघांनी पगाराचं मशीन त्यावर नेऊन पाहिलं, स्टोअरचं नेऊन पाहिलं. दोन्ही चालली. काट्याच्या मशीनला मात्र तुम्ही मला हात लावू दिला नाही.

मग आई गेली. आणि त्याच वर्षी मला पुण्याहून बोलावणं आलं. मोठी कंपनी, आणि कामही हेच, लोकांची मशीनं या प्लॅटफॉर्मवरून त्या प्लॅटफॉर्मवर नेऊन द्यायची. त्यांचा फोन आला त्या दिवशी मी कारखान्यात सगळ्यांना पेढे वाटले. तुम्हीही एक घेतलात. पूजेचा दिवस तोंडावर आला होता. आपण बौद्ध, मशीनला हार घालणं तुम्हाला कधी पटलं नाही. सगळा कारखाना मांडवात असायचा आणि तुम्ही दरवर्षी कॉम्प्युटर रूममध्ये, मला शेजारी बसवून. त्या वर्षी मात्र म्हणालात, जा, सगळ्यांसोबत खिचडी खाऊन ये, बुंदी खाऊन ये, पुढल्या वर्षी तू कुठे असशील. मला भरून आलं होतं. म्हटलं, बाबांनी मन घट्ट केलं.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी आपण स्वयंपाकघरात आहोत. मी पोळ्या लाटते आहे, तुम्ही खाली बसून लसूण सोलता आहात. मान वर न करता तुम्ही बोलता.

"मी काल कॉपी काढून करून पाह्यलं बाई. ड्रायवर टाकून बी पाह्यला. निळा पडदाच येते. ते मशीन जाग्यावरून हालत नाही, अन् मले एकट्याले ते सांभाळनं होत नाही."

मी विचारते, दुसरा कोणी माणूस नाही का मिळणार.

"कोन येते इथं चुना खायाले? तू गेली तं काटा बंद पडन. किती लोकायचं पोट हाय त्याच्यावर." मग पुढची पाकळी सोलत, "तू पाह्य. मी तुले नाही म्हनून नाही राहिलो."

पुण्याला मी 'नाही' म्हणून कळवलं. तुम्ही कुठे नाही म्हणाला होता. तुम्ही फक्त एक मशीन माझ्या गळ्यात बांधलंत. आणि मी भोळी, मला त्यात मान वाटला. एवढ्या मोठ्या कारखान्याचा काटा आपल्या बोटांवर चालतो असं मी पाहुण्यांना सांगायचे. पुढे एकदा मी म्हटलं, नवं काही निघालं आहे, या मशीनची एक कॉपी काढून मी प्रयत्न करू का. तर तुम्ही काट्यावरच्या बाबूसमोर माझ्यावर डाफरलात की जे आपल्या बापाला जमलं नाही ते करायला निघाली मोठी. आयुष्यात तुम्ही माझ्यावर एवढा आवाज कधी चढवला नव्हता. पासवर्ड दोघांनाच ठाऊक, तुम्हाला आणि मला, पण परवानगी एकट्या तुमच्याकडे.

तुम्ही गेल्यावरही ती परवानगी मी कुणाकडे मागितली नाही. म्हाताऱ्या मशीनला जपत राहिले. पुण्याची ती नोकरी कुणीतरी दुसऱ्याने केली, तिथल्या पोरी आता माझ्याहून वरच्या खुर्चीत असतील. एक-दोन स्थळं आली तीही लांबची होती, मी मशीनचं कारण सांगितलं. हसू नका, खरंच सांगितलं. मुलाकडचे कसनुसं तोंड करून चहा पिऊन गेले.

यंदा मालकांनी जुना प्लॅटफॉर्म सोडायचं ठरवलं. त्याचं लायसन्स परवडेना, तेव्हा सगळी मशीनं त्याच फुकटच्या प्लॅटफॉर्मवर न्यायची, जो तुम्ही टेबलाखाली बसवला होता. बाकीची नेली. काट्याचं राहिलं. काटा वर्षात एकच दिवस बंद असतो, पूजेचा, म्हणून तो दिवस धरला. ड्रायव्हर घालूनही पडतं म्हणजे याचं दुखणं काही वेगळं असेल, ते एकदा डोळ्यांनी पाहावं, म्हणून मी काहीही न शिकवता, आत काही न घालता, त्याची नुसती कॉपी उचलून नव्या जागी ठेवली आणि सुरू केली. निळ्या पडद्याचा फोटो काढायला मोबाईल हातात धरून बसले होते.

ते पहिल्या फटक्यात उठलं. ज्याला कुणी बटणं दाखवली नव्हती, ते सरळ बटणावर हात ठेवून उठलं.

म्हणजे कुणीतरी दाखवली होती. मी त्याला जुना नेटवर्कचा पत्ता द्यायला गेले, तर विंडोजने अडवलं. म्हणालं, हा पत्ता आधीच एका नेटवर्क कार्डाला दिलेला आहे, ते कार्ड सध्या जोडलेलं नाही. लपलेली उपकरणं उघडून पाहिली. काढून टाकलेल्या कार्डांची भुतं विंडोज आत सांभाळून ठेवतं, फिकट रंगात. जुन्या प्लॅटफॉर्मचं कार्ड तिथे असणारच होतं. त्याच्याखाली आणखी एक फिकट कार्ड होतं, या नव्या प्लॅटफॉर्मचं, ज्यावर तुमच्या म्हणण्याप्रमाणे हे मशीन कधी उठलंच नव्हतं; आणि पूर्ण उठल्याशिवाय विंडोज कार्डाची नोंद करत नाही. ते पहिल्यांदा कधी लागलं तेही विंडोज सांगतं. माझ्या पुण्याच्या वर्षीची विश्वकर्मा पूजा. मी मांडवात बुंदी खात होते तो दिवस.

गेटपर्यंत चालत गेले ती तेव्हा. काट्यावरचा बाबू मांडवातून खिचडीचा द्रोण घेऊन येत होता. तोच, ज्याच्यासमोर तुम्ही मला झापलं होतं. मी त्याला विचारलं, पूजेच्या दिवशी साहेबांनी, म्हणजे तुम्ही, कधी काटा चालवला होता का. त्याला आठवायलाही लागलं नाही.

"हाँ मैडम, एक बार. एक ट्रक ग़लती से आ गया था. साहब बोले, चढ़ाओ काँटे पर. वज़न बराबर आया तो साहब ख़ूब हँसे, मेरी पीठ ठोकी." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "आपको नहीं बताया?"

नाही सांगितलं. आणि त्या हसण्याचं काय करू ते मला कळत नाही. तुमचं मशीन चाललं होतं, तुम्ही खूश झाला होता, बाबूची पाठ थोपटलीत. मग कॉम्प्युटर रूममध्ये परत येऊन तुम्ही तेच मशीन बंद केलंत. त्या ट्रकचं वजन त्यात चढलं होतं, म्हणून मूळ मशीन तसंच सुरू करून भागणार नव्हतं, ही कॉपीच उचलून परत जुन्या प्लॅटफॉर्मवर नेऊन ठेवावी लागली. म्हणून तर ते कार्ड आत राहिलं. नेणं जितकं किचकट, तितकंच परत आणणं. तेवढा वेळ तुमच्याकडे होता विचार करायला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच ना? तेही मला जे शिकवलंत त्याच विद्येने. आणि दुसऱ्या दिवशी लसूण सोलता सोलता, निळा पडदा येते बाई.

आई नव्हती, घर खायला उठत होतं, हे मला सांगू नका. ते मलाही होतं. तुम्हाला एकटं राहवत नाही एवढं तुम्ही माझ्याशी बोलू शकला असता. मी तुमची मुलगी होते, काट्यावर येणारा ट्रक नव्हे. लोकांच्या पोटाचं नाव पुढे केलंत, तेव्हा तुमच्या जिभेला काहीच कसं झालं नाही? तुम्ही गेलात तेव्हा मी जितकी रडले, त्यातलं थोडं परत मागावंसं वाटतं आहे.

आज सकाळपासून काटा नव्या प्लॅटफॉर्मवर चालू आहे. मालकांनी फोन करून शाबासकी दिली, विचारलं, साहेब तर म्हणायचे होत नाही, तुम्ही कसं केलं. मी म्हटलं, जमून गेलं. तुमचं नाव खराब केलं नाही. का केलं नाही, माहीत नाही.

हे पत्र संपवताना मी एक वाक्य लिहिलं होतं, की तुम्ही नुसतं 'नको जाऊ' म्हणाला असता, तर मी आनंदाने राहिले असते. चांगलं वाक्य होतं. लिहिलं, वाचलं, खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. मी राहिले नसते, बाबा. भांडले असते, रडले असते, आणि गेले असते. हे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं.